डाव्या हाताचा सौदा

आमच्या धंद्यात एक नियम पक्का असतो. समोरचा माणूस कितीही बेरकी असो, त्याला काहीतरी हवं असतं. ते काय हवं आहे ते आधी ओळखायचं आणि मगच तोंड उघडायचं. मी म्हशींचा व्यापारी. बाजारात आम्हाला हेडी म्हणतात. आजऱ्याकडून अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापुरात आलो, दुसऱ्यांच्या म्हशींचे कासरे धरून उन्हात उभा राहिलो, आणि आज माझ्या दावणीची म्हैस लोक दात न बघता घेऊन जातात. हे सगळं त्या एका नियमावर उभं आहे. तो नियम आयुष्यात एकाच माणसापुढं फसला, कारण त्या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं. ज्याला काही नको, त्याच्याशी घासाघीस करणार कशी? त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. इथं लिहून तो कमी होईल असं समजू नये.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तर अकॉर्डियनचे. गळ्यात पट्टे अडकवून छातीवर घ्यायची पेटी, तीच. उमेदीच्या काळात त्यांनी ती लग्नाच्या बँडात वाजवली, नंतर ऑर्केस्ट्रात वाजवली. पुढं कीबोर्ड आले आणि बाकीच्यांनी आपापल्या अकॉर्डियन विकून टाकल्या. मास्तर म्हणाले, "ज्याला भाता न्हाई त्याला जीव न्हाई," आणि घरी येऊन बसले. मग ते गावाकडची गाणी वाजवायला लागले. गोंधळ्यांची, धनगरांची, रानात काम करणाऱ्या बायकांची. ऐकायला कुणी असो वा नसो.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या एका सवयीमुळं. सौदा ठरला, हात सुटला, की मी विचारतो, "वर काय देतोस?" त्यावर कुणी कासरा देतं, कुणी घुंगरमाळ, एकदा एकानं कोंबडा दिला होता. हातकणंगल्याच्या अलीकडं एका वस्तीवर म्हैस घेतली तेव्हा त्या घरचा माणूस माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेली एक पेटी घेऊन खाली उतरला. म्हणाला, "वर ही न्या. चुलत्याची हाय. उंदरं बाळंत व्हायलीत हितं." मी घेतली. विकायला म्हणूनच घेतली. आता हिची किंमत कोण सांगणार? सगळ्यांनी एकच घर दाखवलं. तालमीच्या मागच्या बोळातलं, दारात तुळशीऐवजी कढीपत्ता असलेलं.

मास्तरांनी पेटी मांडीवर घेतली, भाता थोडा उघडला आणि त्यात नाक घातलं.

मी म्हटलं, "मास्तर, वासानं किंमत करता काय?"

"तुमी म्हशीचा दात बघताय न्हवं? मी भात्याचा वास बघतो." मग म्हणाले, "उंदीर झाला. पर वरवर. कातडं शाबूत हाय, पावणं."

त्यांनी पट्टे खांद्यावर घेतले आणि वाजवलं. कुठलं गाणं ते मला माहीत नव्हतं, पण चाल ओळखीची वाटली. आमच्याकडं भाताची रोपं लावताना बायका वाकून रांगेत मागं मागं सरकतात, तेव्हा असं गातात. आई त्या रांगेत पहिली असायची. तिच्या एका गाण्याची सुरुवात माझ्या कानात होती, पुढचं काहीच नव्हतं. लहान वयात घराबाहेर पडलेल्या माणसाकडं अशा गोष्टी अर्ध्याच असतात. मास्तरांचं वाजवणं संपलं तेव्हा माझ्या हातातल्या चहावर साय आली होती. आणि मी किंमत विचारायची सोडून म्हणालो, "मला शिकवा."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजवर कळलेलं नाही. बाजारात असं आधी आपण बोललो की माणूस मेलाच.

"फी काय?" मी लगेच सावरून विचारलं.

"फी न्हाई."

"असं कसं? कायतरी बोला. दूध घालतो रोज. घरचं तूप देतो."

"तूप पचत न्हाई. दुधाचा रतीब हाय." ते भाता मिटत म्हणाले. "गाणं आणायचं. दर खेपेला एक. मोबाईलमधलं चालणार न्हाई. माणसापुढं बसून, त्याच्या तोंडातनं घेतलेलं पायजे. गाणं न्हाई तर शिकवणी न्हाई."

मी पुष्कळ घासून पाहिलं. दोन खेपांना एक करा म्हटलं. अर्धं आणतो म्हटलं. मास्तर प्रत्येक वेळी "बघू की" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. कोल्हापुरात "बघू की" म्हणजे नाही. हे मला ठाऊक होतं, तरी दर वेळी मी आशेनं त्यांच्या तोंडाकडं बघायचो. तेही धड दिसायचं नाही, कारण मास्तर शिष्याकडं पाठ करून बसत. म्हणत, "तोंड बघून वाजवणाऱ्यानं बाजारात बसावं." हा टोमणा मलाच होता.

सारेगम त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचे दोनच शब्द होते, "आत" आणि "बाहेर". भाता ओढला की बाहेर, दाबला की आत. सुरुवातीला त्यांनी मला एकही सूर वाजवू दिला नाही. अकॉर्डियनला हवेचं एक बटण असतं. ते दाबून ठेवलं की भाता बिनआवाजाचा उघडझाप करतो. तेवढंच घरी करायचं. मी गोठ्यात बसून करायचो. फुस्स करून बाहेर, फुस्स करून आत. म्हशी रवंथ थांबवून माझ्याकडं बघायच्या. बायको बादली घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "सायकलची हवा भराय लागलाय व्हय? मग टायर कुठं हाय?"

मी मास्तरांना विचारलं, "हे फुसफुस कुठवर?"

"तुमचा श्वास आन् भात्याचा श्वास एक हुईस्तोवर. आता तुमी भाता मिटताय ते सौदा मिटवल्यागत मिटताय. कोन पळून चाललंय का?"

तांबड्या रश्शाचं जेवण करून आलेल्या माणसाला ते शिकवत नसत. रस्सा प्यालेल्याचा भाता पळतो म्हणायचे. दारात उभं करून तोंडाचा वास घ्यायचे आणि परत पाठवायचे. एकदा मी आधी दोन पेरू खाऊन गेलो. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "पेरवाखाली मटण हाय." रस्त्यानं डीजेची गाडी चालली असली की मास्तर शेजारच्या कुठल्याही घरात शिरत, ओळख असो नसो, आणि गाडी जाईपर्यंत तिथं चहा पीत. बोळातल्या निम्म्या घरांशी त्यांचा घरोबा असा डीजेमुळं झाला होता.

आणि मी गाणी गोळा करत हिंडलो. मी म्हैस बघायला जायचो आणि गाणं मागायचो. लोकांना आधी वाटायचं ही भाव पाडायची नवी युक्ती आहे. एका धनगरानं गाणं दिलं, पण आधी माझं पायताण स्वतःच्या पायात घालून बघितलं. नेसरीच्या पलीकडं एका दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईनं गाणं म्हटलं. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. सुरुवात कानडीत, मधला भाग मराठीत, शेवट परत कानडीत. मी मास्तरांना म्हटलं, "ह्याची भाषाच कळंना."

"भात्याला दोन्ही बाजू असत्यात की," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ते गाणं इतक्या वेळा वाजवलं की माझी शिकवणी राहूनच गेली. मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "आजचं गाणं मला मिळालं. तुमचं उद्या."

हा एकतर्फी व्यवहार झाला. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

पण खरी तक्रार वेगळी आहे. अकॉर्डियनचा उजवा हात वाजवणाऱ्याला दिसतो. तिथं बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या असतात. डावा हात मात्र पट्ट्यात अडकलेला असतो आणि तिकडं बारीक बटणांच्या रांगा असतात. ती बटणं दिसत नाहीत, बोटांनी चाचपून ओळखायची. मी मान वाकडी करून तिकडं बघायचो. मास्तरांना पाठीमागूनही ते कळायचं. एक दिवस ते गळ्यातल्या पेटीसकट उठले आणि खांद्यावरचा टॉवेल त्यांनी माझ्या डाव्या हातावर टाकला. "बघायचं न्हाई," म्हणाले. आणि टॉवेलाखालून स्वतःचा हात घालून माझी बोटं योग्य बटणांवर दाबायला लागले. आधी दोन बोटं. मग एक. मग सगळा पंजा.

आता ज्यांना बाजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर फडकं टाकतात, आणि फडक्याखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. किती धरली आणि कशी दाबली यावरून भाव कळतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. ह्याला हत्ता म्हणतात. माझं अर्धं आयुष्य फडक्याखाली गेलं आहे. वर कापड, खाली परका हात, त्यानं दोन बोटं दाबली, एक दाबलं, पंजा धरला. मी हात हिसडून ओरडलो, "न्हाई परवडत!"

मास्तर थांबले. "काय?"

"एवढ्यात न्हाई परवडत! दुसऱ्या वेताची हाय म्हस!"

मास्तर वळले आणि त्यांनी पहिल्यांदाच माझं तोंड नीट बघितलं. मग ते असे हसायला लागले की त्यांच्या पोटावरची पेटी आपोआप चिवचिवायला लागली. शेजारच्या बायका खिडकीत आल्या. मला राग आवरेना. मी पट्टे काढून पेटी खाली ठेवली आणि चप्पल पायात घातली.

"बसा, पावणं, बसा," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "हे दाबलं की काय म्हंत्यात? आन् हे?"

त्यांनी बसल्या बैठकीला अख्खा हत्ता माझ्याकडून काढून घेतला. आणि दुसऱ्या दिवसापासून डावा हात ते त्याच भाषेत शिकवायला लागले. "पहिल्या ठोक्याला विचारा. दुसऱ्याला नको म्हणा. तिसऱ्याला परत विचारा, पर जरा मऊ." काय सांगू, माझा डावा हात रेडकासारखा उधळला. ज्या गोष्टीला इतरांना वर्ष लागतं म्हणतात ती मला पुढच्या अमावास्येच्या आत आली.

हे चांगलं झालं, हे मी कबूल करतो. पण मास्तरांनी ती गोष्ट तालमीत सांगितली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, "परवडत न्हाई". तालमीतनं ते बाजारात आलं. मी फडक्याखाली हात घातला की पलीकडचा मिशीत हसायचा आणि विचारायचा, "सूर लावू का?" ज्या नावाला बाजार दबकत होता त्याची त्यांनी अशी वाट लावली. मी त्यांना जाब विचारला तर म्हणाले, "नाव पडलं म्हंजे मानूस गावचा झाला. मला कोन पावणं म्हंतंय का?"

मास्तरांच्या तालमीच्या अंगणात दिवाळीनंतरच्या एका रविवारी संध्याकाळी बैठक असायची. हलगीवाला, ढोलकीवाला, तुणतुणं धरणारा एक, आणि मधोमध मास्तर. बोळातली सगळी माणसं समोर सतरंजीवर. पुरेशी गाणी आणणाऱ्या शिष्याला त्या रांगेत बसून एक गाणं एकट्यानं वाजवायला मिळायचं. मला तिथं बसायचं होतं, आणि वाजवायचं होतं ते आईचंच गाणं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकी काही नको होतं. इथं माझा नियम माझ्यावरच उलटला. मला काय हवं ते आता सगळ्यांना कळलं होतं.

ते गाणं एकाच माणसाकडं होतं, माझ्या थोरल्या बहिणीकडं. आक्का आजऱ्याच्या पुढं एका खेड्यात दिली आहे. धंद्यामुळं माझं तिकडं जाणं वर्षाकाठी एखाद्या वेळी, तेही वाटेवर म्हैस असली तर. मी गेलो, चहा झाला, मी म्हटलं, "आक्का, आईचं ते रोपाचं गाणं सांग."

तिनं सुपातले काजू निवडता निवडता एक ओळ म्हटली.

*गुडघाभर गाळ सये, गाळामंदी गार पानी*

आणि परत काजू निवडायला लागली.

"फुडं?"

"फुडची फुडच्या खेपेला."

"आक्का, सगळं दे की एकदम."

"एकदम दिलं की एकदम जाशील."

मी चिडलो. ओरडलो. पुढच्या खेपेला लुगडं घेऊन गेलो. तिनं लुगडं उलगडून बघितलं, काठाला नाव ठेवलं, घडी घालून ठेवून दिलं, आणि एकच ओळ दिली.

*बांधावरनं येतं कोन, डोईला उपरनं बांधुनी*

"लुगड्यानं वळ वाढत न्हाई," म्हणाली. त्याच्या पुढच्या खेपेला मुक्काम करावा लागला, तिच्या व्याह्यांच्या घरी जेवावं लागलं, त्यांची आजारी म्हैस बघावी लागली. तेव्हा तिसरी मिळाली.

*हाक मारू का नगं मारू, बायका हसतील मागुनी*

बाजारात माझ्यासारखा चिवट माणूस नाही असं लोक म्हणतात. त्यांनी माझी बहीण बघितलेली नाही.

बैठक तोंडावर आली आणि चौथी ओळ, शेवटची, तिच्याकडंच होती. मी मास्तरांपुढं रडगाणं गायलं. ते म्हणाले, "नंबर द्या बहिणीचा. मी बोलतो." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदा तरी हा माणूस माझ्या बाजूनं बोलेल. दोघं फोनवर पुष्कळ वेळ बोलले. मास्तर मधे मधे "व्हय की, व्हय की" म्हणत होते. फोन ठेवून मला म्हणाले, "भली बाई हाय."

मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढून गेलो. आक्का दारातच म्हणाली, "शेवटची वळ बैठकीनंतर."

"मास्तर काय म्हनले तुला?"

"लई गोड बोलत्यात. चहा घेणार?"

माझ्याविरुद्ध दोघं एक झाले होते. परत आलो तर मास्तर म्हणाले, "न्हाई ते न्हाई. तीन वळी वाजवायच्या. जिथं संपतं तिथं थांबायचं. मधी भरती घालायची न्हाई." मी म्हटलं, "लोकांपुढं अर्धं गाणं? मग मी बसतच न्हाई." ते म्हणाले, "बघू की."

मी बसलो. न बसून सांगतो कुणाला! अंगणात दिवे लागले होते. सतरंजीवर बाजारातले चारजण खास मला बघायला आले होते. बायकांच्या बाजूला माझी बायको होती आणि तिच्या शेजारी आक्का, ते काठाला नाव ठेवलेलं लुगडं नेसून. मीच तिला आणायला गाडी पाठवली होती.

मी पहिली ओळ वाजवली. डावा हात विचारत होता, नको म्हणत होता, परत विचारत होता. हलगीवाल्यानं मान हलवली. दुसरी ओळ. बोटांना घाम सुटला होता, पण भाता पळाला नाही. तिसरी ओळ संपत आली आणि पुढं काहीच नव्हतं. शेजारून मास्तरांचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू येईल असा. "मिटायचा न्हाई. बाहेर. बाहेर ओढत ऱ्हावा."

मी शेवटचा सूर धरून भाता बाहेर ओढत राहिलो. हात लांब लांब चालला. सूर एकटाच उभा राहिला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, की हा पुढं का जाईना. भात्याच्या घड्या ताठ झाल्या. मला कळलं की आता हवा संपणार आणि मी सगळ्या बाजारादेखत मुका बसणार. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. पण तोंड मी आक्काकडं केलं होतं.

चार माणसांत कधी मोठ्यानं न बोललेली माझी बहीण बसल्या जागेवरून गायली.

*वळखू कशी न्हाई बाई, चाल त्याची बापावानी*

आवाज तिचा नव्हता. आईचा होता. म्हणजे तिचाच होता, पण मी तो कधी ऐकलाच नव्हता. भाता आपोआप आत आला आणि माझी बोटं तिच्या मागून चाचपडत गेली. मी चुकीचा सूर दाबला. ती गाणं थांबवून सगळ्यांदेखत म्हणाली, "अरं तसं न्हवं, खाली ये!" सगळं अंगण हसलं. मी खाली आलो. तिनं परत म्हटली, मी परत वाजवली. तिसऱ्या वेळी बोळातल्या बायकांनी ती ओळ उचलली, हलगी घुसली, आणि मग कोण गातंय आणि कोण वाजवतंय ह्याचा हिशेब राहिला नाही.

बैठक उठल्यावर मी मास्तरांना गाठलं. ते पेटीला गोधडी गुंडाळत होते.

"मास्तर, खरं सांगा. चौथी वळ तुमाला म्हाईत होती का?"

"व्हय की. फोनवरच म्हनली तिनं."

"मग मला का दिली न्हाई?"

"तुमाला दिली असती तर तुमी वाजवली असती." ते गोधडीची गाठ मारत म्हणाले. "मग तिनं कशाला म्हटली असती?"

मी त्यावर पुष्कळ बोललो. आवाज चढवूनच बोललो. विश्वास टाकलेल्या माणसाशी असं वागतात काय, मी बाजारात असतो तर काय केलं असतं, सगळं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुडच्या खेपेला कुनाचं आणताय?" आता ते लेकीकडं नेसरीला राहतात. फोन केला तर नमस्कार-चमत्कार काही नाही, आधी तोच प्रश्न.

त्या संध्याकाळी आक्काला गाडीत बसवताना मी म्हटलं, "मिळालं बाई गाणं एकदाचं."

ती खिडकीची काच खाली करून म्हणाली, "आता कशाला येशील माझ्याकडं?"

"दुसरं असंल की तुझ्याकडं. आईची काय एकच व्हती?"

"हायत की," आक्का म्हणाली. "पर ती महाग हायत."